सेनापतीचे डोळे

निघालो त्या दिवशी अंगणात मावळे वाळत होते. दसरा नुकताच झालेला, दिवाळी तोंडावर, आणि त्या दिवसांत आमच्या रहिमतपूरच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या किल्ल्यांवर मांडायचे मातीचे मावळे आम्ही कुंभार साच्यातून काढतो. भालेवाले, तुतारीवाले, घोड्यावरचे, तोफेशी वाकलेले. जीप दारात उभी होती, बायको आणि लेक आत बसल्या होत्या, आणि मी दोन बॅगा घेऊन त्या ओल्या फौजेतून वाट काढत होतो. आई चौकटीला धरून उभी होती. मी वळून बघितलं, तसे आबा ओरडले, "मागं बघत चालू नगंस रं, मावळा तुडवशील!"

तुडवलाच. एका भालेवाल्याचा हात गेला. मी थबकलो, तर आबांनी नुसता पंजा हलवला. "जा. एक गेला तर गेला."

याला आता दोन वर्षं झाली. गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारखीच गल्ली सोडून कुठं कुठं जाऊन पडलेल्यांना हे लिहितोय, कारण फोनवर "कसं हाय तिकडं?" असं विचारलंत की मी "मजेत" म्हणतो. मजेत नाही असंही नाही. पण दमलोय. हे फोनवर सांगता येत नाही, तिकडं सगळे ऐकत असतात.

मी नववीतून शाळा सोडली. संगीता, माझी बायको, मिरजेला नर्सिंग शिकली, नंतर इंग्रजीच्या परीक्षा दिल्या, आणि तिच्या जोरावर आम्ही इंग्लंडमधल्या या लहानशा गावात आलो. व्हिसाच्या कागदावर मी तिच्यावर अवलंबून असलेला माणूस आहे. खरंच आहे ते, त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला आठवड्यातून दोनदा तरी सांगतो. ती वृद्धाश्रमात नर्स आहे, मी तिथंच तळमजल्यावर धुलाईत. दिवसभर चादरी. ओल्या चादरीला केवढं वजन असतं ते घरी कधी कळलं नव्हतं. संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येतात आणि मी जेवताना गप्प असतो. संगीता विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही." तीही दमलेली असते, त्यामुळं पुढं विचारत नाही.

आणि भीती. इथं कचऱ्याचे तीन रंगांचे डबे असतात. पहिले कित्येक महिने मला वाटायचं, चुकीच्या डब्यात चुकीची वस्तू टाकली तर परत पाठवतील. दारातून पत्र पडलं की तेच वाटायचं. उघडायचो नाही. तसंच घेऊन शेजारी जायचो.

शेजारी म्हणजे कॉलिन. आमची आणि त्यांची भिंत एकच. बस चालवून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीचे, एकटे. नुसतं कॉलिन म्हण म्हणतात, पण एवढ्या वयाच्या माणसाला माझ्या तोंडून नाव येत नाही, म्हणून मी कॉलिनकाका म्हणतो. त्यांना वाटतं, 'काका' हे आमच्याकडचं आडनाव आहे. ते चष्मा लावून माझं पत्र वाचतात आणि म्हणतात, "पाणीवाले आहेत दत्ता, मीटर बघायला येणारेत. चहा घेणार?" डब्यांचे रंगही त्यांनीच शिकवले. या परक्या मुलखात आमच्यासाठी काही न विचारता उघडणारं दार ते एकच. त्या माणसाचं मी किती देणं लागतो ते त्याला माहीतही नाही.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक फौज आहे. बोटाच्या पेराएवढे शिपाई, दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या लढायांचे. दर गुरुवारी गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये पाच-सहा म्हातारे जमतात, मोठ्या टेबलावर या फौजा मांडतात, फासे टाकतात, टेपनं अंतरं मोजतात आणि जाम भांडतात. हा त्यांचा खेळ. शिपाई विकत मिळतात ते बिनरंगाचे. रंगवायचं ज्याचं त्यानं. वर्षातून एकदा लोकांना बघायला मोठा डाव मांडतात आणि त्या टेबलावर बिनरंगी शिपाई चालत नाही, असा त्यांचा कायदा. कॉलिनकाकांचा हात अलीकडं थरथरतो. अर्धी फौज राखाडीच राहिली होती. शिपायांचं एक वेळ जाऊ दे, पण सेनापतीही कोराच होता. घोड्यावर बसलेला, धातूचा. त्यांच्या बायकोनं दिलेला. हात चांगला बसला की रंगवू म्हणून ठेवून दिला, मग बायको गेली आणि हात बसायच्या ऐवजी हलायला लागला. तसला आता बाजारात मिळत नाही.

मी म्हणालो, "कॉलिनकाका, द्या इकडं. आमच्या घरात हेच काम. सैनिक रंगवायचे."

त्यांनी तो डबीत कापूस घालून माझ्या हातात ठेवला, चिमणीचं अंडं ठेवावं तसा. मोठा डाव तीन आठवड्यांवर आला होता.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. आमच्या घरी अस्तर म्हणजे खालचा पांढरा हात, अंगरखा, पागोटं, मिशी हे सगळं मी हजारोंनी केलंय. डोळे एकदाही नाही. डोळ्यांच्या रेघा काढायच्या कामाला आम्ही आखणी म्हणतो. ती सगळ्यांत शेवटी, आणि ती आबांची. मी कुंचला घेऊन बसलो की ठरलेलं वाक्य यायचं, "डोळं न्हाई. डोळं मी." चाळिशीला आलो तरी तेच.

रंग आणायला शहरातल्या दुकानात गेलो, तर एक अख्खी भिंत बाटल्यांची. नवख्यांसाठी तीन पेट्या होत्या. लहानीत दहा बाटल्या आणि एक कुंचला, मधलीत चोवीस, आणि मोठी साठ बाटल्यांची, उघडली की जिन्यासारखी वर येणारी. गल्ल्यावर हिरव्या केसांची एक बाई होती. तिनं विचारलं, "पहिल्यांदाच रंगवताय?" आणि लहान पेटी पुढं सरकवली. "एवढी पुरे. पैसे वाचतील त्यात एक चांगला कुंचला घ्या, आणि प्रायमरचा स्प्रे."

तिचं बरोबर होतं. पण पहिल्यांदाच म्हणाली ना, ते मला लागलं. शिकलो नाही, मान्य. इंग्रजी येत नाही, मान्य. पण रंगवायला येत नाही असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी मोठ्या पेटीवर बोट ठेवलं. प्रायमर म्हणजे अस्तर असणार हे कळलं होतं, पण अस्तर विकत घेतो का कुंभार? मी नको म्हणून मान हलवली आणि पेटी घेऊन बाहेर पडलो.

घरी आलो आणि पेटी उघडून बसलो, तर नुसता हिरवाच तेरा तऱ्हांचा. आबांकडं पाच डबे. पांढरा, काळा, गेरू, पिवडी, नीळ. त्यांतून सगळं जग निघायचं. इथं साठ बाटल्यांपुढं हात कुठं घालावा कळेना. मुकाट्यानं जे येतं तेच केलं. लेकीचे अंगणात रेघोट्या ओढायचे खडू कुटले, संगीताच्या लाडवांसाठी आईनं बांधून दिलेला डिंक भिजवला, आणि त्या पांढऱ्या लेपाचे घरच्यासारखे दोन हात सेनापतीवर चढवले. वर पेटीतला लाल, घट्टच.

सकाळी बघितलं तर सेनापती बुजला होता. कोटाची बटणं गेली, बोटं एकमेकांना चिकटली, नाकाचा आणि गालाचा एकच डोंगर झाला. घोड्याची आयाळ पिठलं सांडल्यासारखी.

चार दिवस मी कॉलिनकाकांना चुकवत होतो. त्यांचं दार वाजलं की मी कचरा टाकायला जायचं थांबायचो. एकदा कुंपणावरून त्यांनी विचारलंच, "जनरलसाहेब कसे आहेत?" "गुड, गुड," मी म्हणालो आणि आत पळालो. ज्या माणसानं माझी सगळी पत्रं वाचली, त्याच्या बायकोची आठवण मी खडूनं लिंपून टाकली होती. वाटायचं, आता हेही दार गेलं.

रविवारी दुपारी घरी व्हिडिओ लावला. आबा ओसरीवर बसले होते. मी सेनापती कॅमेऱ्यापुढं धरला.

"ह्ये काय, म्हसोबा?" आबा म्हणाले.

सगळं सांगितलं. त्यांनी फोन डोळ्यापाशी नेला. "आरं गाढवा, माती पाणी पिती. ह्यो लोखंडी गडी काय पिनार? डिंक घातलास न्हवं? मग कोमट पान्यात बसव त्येला. मऊ बुरसानं चोळ. सगळं सुटंल. मग पातळ लाव. दुधावानी. वाळू दे. परत लाव."

"बरं."

"फौज कुनाची?"

"इंग्रजांची."

"मग नाक जरा लांब ठेव."

मागून आईचं हसणं ऐकू आलं. मी धीर करून म्हणालो, "आबा, डोळ्यांचं काय करू?"

"काढ की."

"तुम्ही कधी काढू दिले नाहीत."

"औंदाचं म्या तरी कुठं काढल्यात? मला आता बारीक दिसत न्हाई. तुज्या आयनं काढल्यात समदं. आनि समदं मावळं माज्याकडंच बगत्यात, म्या गूळ चोरल्यावानी!"

"चाळीस वर्सं बुरूस हातात दिला न्हाई ह्यांनी," आई फोनमध्ये डोकावून म्हणाली. "आता कळतंय."

"मग मला का नाही म्हणायचात?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

आबा म्हणाले, "तुजा हात चांगला हुता रं. पन घाई लय. खालचा रंग वाळायच्या आत डोळं काढाय बगायचास. म्हनून न्हाई म्हनायचो. त्यात नियम कसला?"

फोन ठेवला. मी आयुष्यभर ज्याला घराचा कायदा समजत होतो, तो माझ्यापुरता होता. शाळा सोडायची घाई, निघायची घाई, मावळा तुडवायची घाई. आणि इथं येऊन काय शिकलो तर थांबायला. कागदाची वाट बघ, डॉक्टरची वाट बघ, चादरी वाळायची वाट बघ. शिकलो म्हणण्यापेक्षा, घाई करायला अंगात जोरच उरला नाही.

सेनापती कोमट पाण्यात बसवला. लाल रंग कातडीसारखा सोलून आला, खालचा खडू विरघळला, आणि बटणं एकेक करून परत दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन प्रायमर आणि कुंचला घेतला. हिरव्या केसांच्या बाईनं माझं तोंड बघितलं आणि नुसती हसली. साठांतल्या पाच बाटल्या काढून बाकीची पेटी मिटवून ठेवली. पेटीतल्या अंगाच्या रंगाची बाटली गुलाबी होती; ती सोडून मी पांढऱ्यात विटकरी कालवला, आबांसारखा. दुधासारखा पातळ हात, मग वाळेपर्यंत चादरी. पुढचा हात दुसऱ्या दिवशी. असे दोन आठवडे गेले.

शेवटी डोळे. मनगटाला मनगट टेकवलं, आधी पापणीची रेघ, मग बुबुळ. दोन ठिपके. कितीसं काम ते, पण उठलो तेव्हा शर्ट भिजला होता.

कॉलिनकाकांना दिला आणि मी काय केलं होतं तेही सांगितलं, खडूपासून डिंकापर्यंत. त्यांनी भिंग लावून खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "दत्ता, हा माझ्याकडे बघतोय." डोळे पुसले की चष्मा, ते मला दिसलं नाही. मोठ्या डावात तो सगळ्यांत पुढं उभा होता, आणि हरला.

फोटो घरी पाठवला. आबांचा आवाज आला, "घोडं झ्याक. मानूस परका हाय, पन डोळं आपल्याकडचं काढलंस." परत बघितलं तर खरंच. मोठे, टपोरे, किल्ल्यावरच्या भालेवाल्याचे.

घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी अजून रहिमतपूरच सांगतो. तिथं परत जाऊन राहीन की नाही, माहीत नाही. तेवढं लांबचं बघायला डोक्यात जागा नसते. पण कामावरून येऊन पाठ टेकतो, तेव्हा भिंतीपलीकडं, कॉलिनकाकांच्या फळीवर, आमच्या घरचे डोळे लावलेला एक इंग्रज घोड्यावर बसून असतो. तो जागा आहे म्हटल्यावर मला झोप लागते.