अर्जातली चौथी मागणी

नव्वदीच्या दशकात आमच्या फाट्यावर गावाच्या नावाची एकच पाटी होती. खताच्या दुकानदाराने आपल्या जाहिरातीच्या खाली बोटभर अक्षरांत लिहून घेतलेली. पुणे-नाशिक रस्त्याच्या पश्चिमेला आमचं गाव, पूर्वेला पारगावच्या कारखान्याकडे जाणारा रस्ता. चौकात उसाच्या बैलगाड्या, टोमॅटोचे टेम्पो आणि नारायणगावच्या जिपा. पाटी शोधायला कुणी गाडी हळू केली की मागून हॉर्न सुरू. पाहुणे हमखास पुढे जायचे.

एकदा तर अख्खं वऱ्हाड पुढे गेलं. नवरदेवाची गाडी नारायणगावच्या एसटी स्टँडवर जाऊन उभी, आणि इकडे मंडपात भटजी घड्याळ बघतायत. मुहूर्त टळला, अक्षता तासाभराने पडल्या. पंगतीत बसता बसता नवरदेवाचा चुलता मोठ्याने म्हणाला, "गाव हाय का चोरवाट? साधी नावाची पाटी न्हाई राव तुमच्याकडं!" वाढणाऱ्यांनी ते ऐकलं, आणि गाव ते कधीच विसरलं नाही.

मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. अक्षर बरं आणि कागद जपून ठेवायची सवय, म्हणून गावचा कुठलाही अर्ज माझ्याकडे यायचा. दोन हजार सालानंतर रस्ता रुंद करायला घेतला. चौकात लाल-पांढरे पट्टे मारलेली पिंपं आली, 'काम चालू'चे बोर्ड लागले, वळणाचे बाण आज इकडे तर उद्या तिकडे. मग कळलं की मधून सलग डिव्हायडर येणार आहे. गावाने अर्ज करायचं ठरवलं.

आमचा मळा रस्त्यापलीकडे होता. म्हैसही तिकडेच, मळ्यातल्या गोठ्यात. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडायच्या. वय साठीच्या पुढे. हातात दुधाची किटली, नाहीतर डोक्यावर सरपण. डिव्हायडर सलग झाला तर त्यांचं काय, हा माझ्यासाठी त्या अर्जातला खरा प्रश्न होता.

मी कच्चा मसुदा केला. एक, मळ्याच्या वाटेसमोर माणूस आणि जनावर जाईल एवढी मोकळी जागा. दोन, तिथे गतिरोधक. तीन, एसटीसाठी शेड. चार, गावाच्या नावाची पाटी. शाळेसाठी इतके अर्ज केले होते की ऑफिसात कागद कसा वाचतात ते मला पाठ होतं. पहिली मागणी वाचतात, दुसरीवर नजर टाकतात आणि खाली शिक्का मारतात. म्हणून क्रम विचार करून लावला होता.

ग्रामपंचायतीत मसुदा वाचून दाखवला. सरपंचांचे वडील नाना, ज्यांच्यापुढे कुणी बोलत नसे, ते म्हणाले, "बाई, गावाचं नाव सगळ्यात खाली? लग्नाच्या पत्रिकंत कुलदैवत खाली छापता का तुमी?"

"आन् म्हातारीची म्हैस एक नंबरला!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"नाना, पाटी नसली तर पाहुणा चुकेल. वाट नसली तर कुणाचा तरी जीव जाईल," मी म्हणाले.

"आवं, चारीबी मागण्या लिवल्यात न्हवं? सरकार काय वरचंच वाचतं व्हय?"

वरचंच वाचतं, हे मला माहीत होतं. तेवढं बोलायला हवं होतं. मी नवा कागद घेतला. एक, पाटी. दोन, शेड, कारण त्यावर सरपंचांचं नाव येणार होतं. तीन, गतिरोधक. चार, मळ्याची वाट. खोलीत मी एकटीच बाई होते, असं पुढे मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण पेन माझ्याच हातात होतं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "माझ्या वाटंचं लिवलं न्हवं?"

"लिहिलं," मी म्हणाले. नंबर सांगितला नाही.

काही महिन्यांनी रस्त्याच्या खात्याचे साहेब आले. "तुमची मागणी मंजूर झाली," म्हणाले. मागणी, एकच. ते कुणाच्या कानाला खटकलं नाही. त्यांना शाल-श्रीफळ दिलं. हिरवी पाटी उभी राहिली, वर वीतभर पांढरी अक्षरं. खांबाशी नारळ फोडला, बायकांनी हळदीकुंकू लावलं. आत्याबाईंनीही लावलं, आणि वर बघून हात जोडले.

त्यानंतर आठवड्याभरात डिव्हायडरचं काँक्रीट आमच्या वाटेसमोर आलं आणि न थांबता पुढे गेलं. मोकळी जागा सोडली ती पेट्रोल पंपासमोर, तिथून चांगली दीड किलोमीटरवर. मी लगेच दुसरा अर्ज केला, या वेळी एकाच मागणीचा. उत्तर आलं की आपल्या गावाच्या अर्जावर कार्यवाही पूर्ण झालेली आहे. तेही फाइलला लावलं.

आत्याबाई आठ दिवस पंपाला वळसा घालून गेल्या. नवव्या दिवशी डिव्हायडरवर बसून, एकेक पाय पलीकडे टाकून उतरताना मी त्यांना पाहिलं. संध्याकाळी रागावले.

"म्हशीला काय सांगू मंग? थांब बये, पंपावरनं येते म्हनून?"

दोन पावसाळे त्या तशाच गेल्या-आल्या. एका सकाळी किटली घेऊन उतरत असताना जवळून ट्रकचा हॉर्न वाजला. त्या दचकून घाईने उतरल्या आणि पलीकडे पडल्या. ट्रक त्यांना लागलाही नाही. आपल्यामुळे कुणी पडलं हे ड्रायव्हरला कळलंही नसेल. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन, आत रॉड, मग वॉकर. म्हैस विकली, मळा वाट्याने दिला. आत्याबाई पुन्हा रस्त्यापलीकडे गेल्या नाहीत.

पाटीचंही सांगते. तिचे दोन मजबूत खांब गावातल्या पोरांना फ्लेक्स बांधायला फार सोयीचे पडले. आधी सरपंचांचा वाढदिवस, मग त्यांच्या पुतण्याचा. वर्षातले निम्मे दिवस गावाचं नाव कुणाच्या ना कुणाच्या फेट्यामागे झाकलेलं असे. पाहुणे पुन्हा नारायणगावला जाऊन तिथून फोन करायला लागले. फ्लेक्स काढा, असं सांगायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

आमच्या ओट्यावरून पाटीची मागची बाजू दिसते, नुसता करडा पत्रा, आणि तिच्या खालून पलीकडचा मळा. आत्याबाई वॉकर बाजूला ठेवून तिकडे बघत बसायच्या. एका दुपारी मी वह्या तपासत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या कागदावर माझ्या वाटंचा नंबर कितवा व्हता गं?"

लाल पेन थांबलं. "चौथा."

"पयला पाटीचा?"

"हो."

त्यांनी बोटांवर मोजलं. "मंग मधली दोन?"

"एसटीची शेड आणि गतिरोधक."

"ती तरी झाली का?"

"नाही."

मोजायला उघडलेली बोटं त्यांनी एकेक करून मिटली आणि त्या मळ्याकडे बघत राहिल्या.