परत न आलेली शिवी

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, बायकांना शिव्या द्यायची मोकळीक असते. माहेरी आलेल्या पोरी दिवसभर निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणतात आणि ऊन कललं की गौराई बोळवायला नाल्यावर जातात. पलीकडच्या काठावर दुसऱ्या गल्लीतल्या पोरी उभ्या असतात. मग काय, सुरू! सासू, सासरा, नवरा, नवऱ्याची मिशी, कुणी म्हणून सुटत नाही. घसा बसेपर्यंत भांडायचं आणि दिवेलागणीला त्याच पोरींच्या घरी सांजोऱ्या खायला जायचं.

या कामात मी फार नावाजलेली. बाकीच्यांच्या शिव्या मध्येच वाळूत पडायच्या, माझी थेट पलीकडे पोचायची. त्या वयात मी स्वतःला वाघीण समजत होते. अंगावर धड मांस नाही, नाक सतत गळतंय, आणि म्हणे वाघीण! लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींना मी ऐटीत सांगितलं होतं, "जिच्या तोंडात जीभ शे, तिले कोण दाबी?"

नवराही बोलायला फटकळ मिळाला. पहिल्याच आठवड्यात ताटाकडे बघून म्हणाला, "हाई भाकर शे का गोवरी?"

मी म्हटलं, "गोवरीच शे. बैलले काय समजस!"

सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या. तोही हसला आणि गोवरी खाऊन उठला. आमचा संसार असाच गेला. तो एक टाकायचा, मी दोन परत करायची. फार लागलं तर मी दिवसभर बोलायची नाही, मग तो बाजारातून गोडीशेव आणून चुलीजवळ ठेवायचा आणि उगाच खोकायचा. तो गेला तेव्हा मला सगळ्यात जास्त आठवण आली ती त्याच्या टोमण्यांची. जेवायला बसलं की वाटायचं, कुणीतरी नावं ठेवा रे या भाजीला.

म्हणून घरातली कुणी पोर "तो मला असं बोलला, तसं बोलला" म्हणत आली की मी फटकारायची, "मग तू बोल ना! बोलणं काय अंगाला चिकटतं?" शिवी ऐकली की माणूस वाईट, शिवी नसली की चांगला. एवढाच माझा हिशेब.

त्या हिशेबात माझी नात कुठेच बसेना.

ही पोर माझ्याच वळणाची. बोलायला लागली तेव्हापासून मी तिला हाक मारायची, "काय गं भवाने, मेलीस का?" आणि ती ओरडायची, "तू आधी मर म्हातारे, मी लाडू खायला येते!" तिची आई कपाळावर हात मारून घ्यायची. आम्ही दोघी खूश. पुढे तिचं लग्न झालं आणि ती भुसावळला गेली. जावई शिकलेला, चांगल्या नोकरीतला, सुपारीचंही व्यसन नाही. बोलणं तर असं मऊ की आमच्या आळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला द्यायच्या.

यंदा आखाजीला ती आली. मी दारातूनच हाक दिली, "काय गं भवाने, मेलीस का?"

ती म्हणाली, "नाही आजी, बरी आहे."

मला वाटलं, उन्हातून आली आहे, दमली असेल. मग ती माठाजवळ जाऊन उभी राहिली आणि आपल्या आईला विचारलं, "पाणी घेऊ का?" बापाच्या घरी! झोक्यावर बसली तर ओठ हलत होते, आवाज नव्हता. नाल्यावर पोरींनी तिला पुढे ढकलली, तेव्हा ती मागे सरकून माझा पदर धरून उभी राहिली. गल्लीतली सगळ्यात तोंडाळ पोर ती.

दुसऱ्या दिवशी जावई न्यायला आला. आमरस-पुरणपोळीचं जेवण. नात कसलीशी गंमत सांगायला लागली, तर तो हसत म्हणाला, "थांब, मी सांगतो. तुझा गोंधळ होतो." तिने लगेच ताटात मान घातली. माझ्या जिभेला खाज सुटली. आखाजी कालचीच, सूट अजून होतीच.

"ओ जावईबापू," मी म्हटलं, "तोंडात साखर धरून बसलेला बोका पहिल्यांदाच बघितला! आमची मैना तर गप्प केली, आता तुम्ही म्याव तरी करा!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तोच. मग नातीकडे वळून अगदी मायेने म्हणाला, "बघ. तुझ्या घरी असं बोलतात. मी कधी बोलतो का?"

"नाही," ती म्हणाली. तिने रसाची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

मागच्या पडवीत तिने मला गाठलं. "आजी, कशाला गं बोललीस? आता घरी जाईपर्यंत..."

"मारतो?"

"नाही."

"शिव्या देतो?"

"एकही नाही गं. शिवी दिली असती तर कुणाला सांगता तरी आली असती." ती दाराकडे बघत हळू बोलत होती. "मी काही बोलले की विचारतो, हे बोलायच्या आधी विचार केला होतास का? म्हणतो, तुला दुसऱ्या कुणी दोन दिवसही ठेवलं नसतं. मग गप्प बसतो, मी माफी मागेपर्यंत. कशाची ते मला कळत नाही, तरी मागते. आता मी प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघते. तुझ्याशी बोलतानाही."

मी तशीच माजघरात गेले आणि मुलाला बाजूला घेऊन म्हटलं, "पोरीला ठेवून घे."

"कोणत्या कारणानं, माय?" तो म्हणाला. "लोकांना काय सांगू? जावई शिव्या देत नाही म्हणून पोर आणली? आणि बोलणं अंगाला चिकटत नाही, हे तूच म्हणायची ना?"

सून पोळ्यांचा डबा बांधत होती. तिने वर बघितलं नाही.

मला तेव्हा दिसलं, की माझी जीभ तिखट होती म्हणून मी निभावले हे सगळं खोटं. ऐकून घेणारा माणूस मिळाला म्हणून निभावले. माझं बोलणं त्याला लागायचं, त्याचं मला, आणि संध्याकाळी दोघं होतो तेवढेच उरायचो. ही पोर दर दिवशी थोडी कमी होत होती आणि आमच्या घरात ते मोजायला कुणाकडे माप नव्हतं. वाघीण म्हणे! म्हातारपणी एक शिवी हाणली, ती पोचली बरोबर पलीकडे, आणि तिची परतफेड या पोरीच्या माथी.

गाडीत बसताना ती माझ्या पाया पडली. मी कानात म्हटलं, "नको जाऊ." तिने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उशीर होतो आहे, आजी," म्हणाली. काच वर गेली.

आता मी रोज दुपारी फोन लावते. "काय गं भवाने, मेलीस का?" म्हणते आणि कान लावून बसते. पलीकडे पंखा फिरत असतो. ती वाक्य जुळवत असते, हे मला आता ऐकू येतं.

"नाही आजी. तू जेवलीस का?"

"एक शिवी दे गं मला," मी म्हणते. "एकच. हळू दे."

पंखा फिरत राहतो.