उपासातली गोळी

पोटात आतडी सुटी लोंबत नसतात, त्यांना धरून ठेवणारा एक पातळ पडदा असतो, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तेही माझाच पडदा सुजला म्हणून. बरेच महिने पोट दुखायचं, वजन उतरायचं आणि आमच्या कुरुंदा गावात जो तो पित्त आहे म्हणायचा. शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी त्या पडद्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. हा आजार क्वचितच कुणाला होतो, का होतो ते नीटसं कळलेलं नाही, असं ते म्हणाले. मला रडू यायला हवं होतं. मी मात्र त्यांना स्कॅनमधला तो पडदा बोटानं दाखवायला लावला.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत आणि मनानं बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. दुखणं कमी झालं, पण तोंड भोपळ्यासारखं सुजलं. हे माझ्याच वाट्याला का आलं, याचं उत्तर मात्र डॉक्टरांकडे नव्हतं. मग मी नवस बोलले. आठवडाभर दूध-पाण्यावर राहीन आणि नरसीला नामदेव महाराजांच्या पायाशी उपास सोडीन. आता जेवणच नाही तर गोळी कशी घ्यायची? मी डॉक्टरांचंच ऐकते आहे, अशी माझी पक्की समजूत. आमच्या मालकांनी एकदा विचारलं, "गोळी काहून न्हाई घेतली?" मी म्हटलं, "उपास हाय ना. देव बघतो की."

नरसीला पोचलो तेव्हा पायात जीव नव्हता. सकाळपासून उलट्या चालू होत्या. उपासानं होतं असं, म्हणत मी रांगेत उभी राहिले. मालक नारळ आणायला गेले आणि मी भिंतीला धरून खाली बसले. मागच्या बाईंनी मला सावरलं. माझ्याच वयाच्या असतील. मी नवसाचं सांगितलं, गोळ्यांचंही सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या भावाला दम्यासाठी ह्याच गोळ्या व्हत्या. एकदम बंद केल्या अन् कसाबसा वाचला. दर्शन राहू द्या, आधी दवाखान्यात चला."

"नवस मोडंल माझा," मी म्हटलं. देव दहा पावलांवर होता आणि मला खरंच रडू फुटलं.

"देव काय तुमचे उपास मोजून राहिला का?" असं म्हणत त्यांनी स्वतःच्या प्रसादातली खडीसाखर माझ्या तोंडात घातली. "प्रसादाला न्हाई म्हनू नये."

मालक आल्यावर त्या बाईंनीच ऑटो थांबवला आणि हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंत सोबत आल्या. माझा रक्तदाब फार खाली गेला होता. सलाईन लागलं, इंजेक्शन दिलं. उशीर झाला असता तर या हाती लागल्या नसत्या, असं तिथले डॉक्टर मालकांना म्हणाले. मी शुद्धीवर येईपर्यंत त्या बाई निघून गेल्या होत्या.

रांगेत माझ्याच मागे नेमक्या त्याच कशा उभ्या राहिल्या, याचा मी खूप विचार केला. उत्तर सापडलं नाही, आणि आता शोधावंसंही वाटत नाही. शरण जायचं म्हणजे सगळं सोडून द्यायचं, असं मी समजत होते. तसं नसतं. आजार अजून आहे, गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करताहेत. मी रोज चार घास खाते, गोळी घेते आणि हात जोडते. बरं करायचं की नाही, ते त्याच्याकडे. गोळी चुकवायची नाही, एवढं माझ्याकडे.