गाडीतला गॅस आणि उलटे आटे

आधी चहा खाली ठेवा. हसताना अंगावर सांडला तर मला बोल लावायचा नाही! कारण माझी जी फजिती झाली ना, तिच्यानंतर पोलादपुरात माझ्यापुढे गॅसचं कोणी नाव काढत नाही.

ऐंशी-एक्याऐंशी सालची गोष्ट. हायवेला माझं गॅरेज. त्याच वर्षी महाडहून घरी गॅस आणला. आणला म्हणजे काय, चार महिने गोणपाट पांघरून कोपऱ्यात बसला होता! आई आपली चुलीपुढे फुंकणी घेऊन. डोळे लालभडक, रात्रभर खोकला. मला बघवायचं नाही. कोणी विचारलं की मी सांगायचो, "काय करणार, आई घाबरते हो."

तर एका दुपारी कशेडी घाटात रेडिएटर फुटलेली एक गाडी माझ्या दारात आली. आत गोरे नवरा-बायको. गाडी कसली, अख्खं घर हो! आत पलंग, मोरी, कपाट, आणि भिंतीतून तांब्याची नळी फिरवून आणलेला गॅस! मी बघतच राहिलो. खोटं कशाला सांगू, देवळात काढतात तशी चप्पल दाराशी काढून मग आत डोकं घातलं.

तसाच धावत जाऊन आईला घेऊन आलो. "बघ! ही माणसं गॅस घेऊन मुलूखभर फिरतात. आणि तू घरात घाबरतेस!"

आईने माझ्याकडे एक नजर टाकली आणि गाडीत डोकावली.

त्या दोघांना बाहेर अंगणात मासे भाजायचे होते. त्यासाठी एक छोटी शेगडी होती, पण तिची रबरी नळी चिरलेली. बाईने गाडीच्या तोटीवरून जुनी नळी फिरवून काढली, नवी हातात घेतली, आणि मी ती हिसकावलीच!

"मॅडम, सिट! मी मेकॅनिक!"

नट तोटीला लावला, उजवीकडे फिरवला. धरेना. पुन्हा फिरवला. धरेना! ट्रकची चाकं बसवणारा माणूस मी, आणि बोटाएवढा नट मला दाद देईना? बाई हाताने काहीतरी खुणा करत होती. मी कशाला बघतोय! सुताचा धागा गुंडाळला, जोर लावून नट दाबून बसवला. म्हटलं, झालं काम.

मग बाईने वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रशने त्या सांध्याला लावायला लागली.

आता मला काय वाटलं सांगू? पूजा! म्हटलं, आपण नव्या वस्तूला हळदकुंकू लावतो, त्यांच्यात फेस लावत असतील. मी हात जोडले. आईलाही म्हटलं, "जोड हात, चांगलं असतं." साहेबाने गाडीतला कॉक जरासा उघडला आणि त्या फेसातून हा एवढा बुडबुडा वर आला! फुगला, टरारला, फुटला. लगेच दुसरा!

"पावला!" मी ओरडलो, टाळ्या पिटल्या, आणि खिशातली काडेपेटी काढली.

बाई अशी किंचाळली की पलीकडे हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली. एका फटक्यात काडेपेटी माझ्या हातातून थेट गटारात! साहेबाने झडप घालून कॉक बंद केला. दोघं माझ्याकडे असे बघत होते की बस्स. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. बुडबुडा म्हणजे गळका गॅस! मी काडी ओढली असती तर आज हा चहा प्यायला कोण असतं?

मी चार पावलं मागे सरलो. आई मात्र पुढे झाली.

"सरक रे. ती बाय मगाशी काढताना उजवीकडं फिरवीत व्हती. म्हंजे लावायचा डावीकडं."

"अगं आई, डावीकडे फिरवलं की सुटतं! वीस वर्षं हेच करतोय मी!"

"तुझ्या ट्रकात सुटत असंल."

धागा काढून टाकला, दोन बोटांनी नट डावीकडे फिरवला, आणि नट सुरसुर आत गेला! गॅसचे आटे उलटे असतात, हे मला माझ्या चुलीवाल्या आईने शिकवलं. पुन्हा फेस लावला. एक बुडबुडा नाही! बाईने शेगडी पेटवली आणि निळ्या ज्योतींची रांग उभी राहिली. धूर नाही, राख नाही. आई त्या उजेडात वाकून कितीतरी वेळ बघत होती. मला भरून आलं हो.

घरी येताच ती म्हणाली, "बाळू, काढ तो गोणपाट. पेटव."

"आज? आज शनिवार आहे, आई. शिवाय तू घाबरतेस..."

"मी? 'हात लावू नको, घर उडंल' म्हणून गोणपाट कोणी घातला रे? चार महिनं माझं नाव पुढं करतोस!"

आणि तिनेच घेतली की काडी!

गॅसवरचा पहिला चहा आईनेच केला. फक्कड झाला होता. मी प्यायलो ना! हायवेच्या पलीकडे, वडामागे उभा राहून.