उमसुनाय एजेचं मत

उमसुनाय एजे, म्हणजे आम्हा सगळ्यांची थोरली ताई, लोकर भिजवून, गुंडाळून, पायांनी तुडवून नमदे करायची. तिची पावलं पुरुषासारखी रुंद झाली होती. तिशी उलटल्यावर ती साक्षरता वर्गात अक्षरं शिकली आणि त्यानंतर तिने एकाच लेखकाची पुस्तकं वाचली. लेखक आमच्याच गावचा. इमानाली बाइके, मेंढ्यांचा डॉक्टर.

"दुसऱ्यांची कशाला वाचू?" ती म्हणायची. "याला रस्त्यात गाठून जाब तरी विचारता येतो."

बाइकेचं एक पुस्तक दुसऱ्यासारखं नव्हतं. एक मेंढ्यांच्या खरजेवर. एक लहान मुलांसाठी, कोल्ह्याच्या गोष्टींचं. कालवा खोदणाऱ्या तरुणांवर एक जाडजूड कादंबरी. चौथं 'खिंडीपलीकडे'. झारच्या सैनिकांपुढून आमचे लोक डोंगर ओलांडून चीनकडे पळाले, तेव्हाच्या बायकांचं. एजेची आई त्याच वाटेवर बर्फात कायमची राहिली.

मी राजधानीतून, फ्रुंझेहून, साहित्याची पदवी घेऊन परतले, तेव्हा पुस्तकांवर बोलायला एजेला मी सापडले.

"कालव्याची कादंबरी कशी वाटली?" मी विचारलं.

"छान."

"आणि खरजेचं?"

"अप्रतिम."

"'खिंडीपलीकडे'?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "वाईट गं. अगदी कुरूप. थू, थू." आणि पुस्तक पटकन बंडीत सरकवलं.

मला हसू आलं. जीव लावलेल्या गोष्टीला आमच्याकडे चांगलं म्हणत नाहीत. दृष्ट लागते. एजेची पहिली दोन मुलं गेली. तिसऱ्याचं नाव तिने तेझेक ठेवलं, म्हणजे शेण. तो जगला. आता ट्रॅक्टर चालवतो.

त्या हिवाळ्यात वर्तमानपत्रात 'खिंडीपलीकडे'वर दोन ओळी आल्या. लेखक जुन्या काळासाठी रडतो, एवढंच. पण तेव्हा अशा दोन ओळी आल्या की माणूस दिसेनासा व्हायचा. बाइके रोज कामावर जात राहिला. लोक त्याला दुरूनच सलाम करू लागले.

मग निरोप आला. ग्रंथालयात वाचकांची सभा. जिल्ह्याहून सादीरोव नावाचा अधिकारी कष्टकरी वाचकांची मतं ऐकायला येणार.

सगळे आले. न येण्याची छाती कुणाची होती? बाइके पहिल्या रांगेत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. इतिवृत्त लिहायला मला बसवलं.

जुमाश मेंढपाळ उठला. "खरजेचं पुस्तक उपयोगी आहे. माझा एडका बरा झाला."

"आणि तुझी खाज?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. सादीरोवने मान वर केली आणि हशा तिथेच थांबला.

शाळेचे मास्तर म्हणाले, "कोल्ह्याच्या गोष्टी मुलांना आवडतात. पोट धरून हसतात."

"कुणाला हसतात?" सादीरोवने विचारलं.

मास्तरांचा चेहरा उतरला. "कोल्ह्याला. फक्त कोल्ह्याला, साहेब."

कालव्याच्या कादंबरीची सगळ्यांनी तोंड भरून स्तुती केली. ती शेवटपर्यंत कुणीच वाचली नव्हती.

"आणि चौथं?"

मग एजे उठली.

"वाईट आहे," ती म्हणाली. "इतकं कुरूप पुस्तक मी पाहिलं नाही. थू!"

"घाण आहे, घाण," शेजारची म्हातारी म्हणाली.

"कुत्रंसुद्धा हुंगणार नाही," तिसरी म्हणाली.

बाइकेचे कान लाल झाले. एवढी स्तुती त्याने जन्मात ऐकली नव्हती.

सादीरोवही आमच्यातलाच, किरगीझ. त्याच्या आईनेही पाळण्याशी हेच म्हटलं असणार. तो एजेकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. मी ते त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग तो माझ्याकडे वळला.

"लिहा. कष्टकरी महिला म्हणते, पुस्तक वाईट आणि कुरूप आहे. एजे, या, सही करा. पेपरात नाव येईल तुमचं."

एजे टेबलापाशी आली. वर्गात शिकवलं होतं तसं अक्षरांखाली बोट सरकवत तिने वाचलं.

"हे मी म्हटलं?"

"तुम्हीच. सगळ्यांनी ऐकलं."

"तोंडाने म्हटलं तेव्हा असं नव्हतं."

"सही करा, एजे." त्याचा आवाज मऊ होता. त्याने टाक तिच्या हातात दिला.

"कर गं बाई, सुटशील," मागून जुमाश पुटपुटला.

एजेने टाक खाली ठेवला. चेहरा राखेसारखा झाला होता. ती सादीरोवकडे पाहतच नव्हती, बाइकेकडे पाहत होती.

"माफ कर रे मला," ती म्हणाली. "सुंदर आहे. माझी आई आहे त्यात. इतकं सुंदर मी काही वाचलेलं नाही."

बायकांनी श्वास आत ओढला. कुणीतरी घाईघाईने थू थू केलं. सादीरोव मला म्हणाला, "हेही लिहा."

बाहेर पडताना एजेने शेगडीची काजळी बोटावर घेतली आणि धावत जाऊन बाइकेच्या कपाळाला फासली.

"एजे, मी काय तान्हा आहे?" तो हसला. पण काजळी त्याने पुसली नाही.

दोन दिवसांनी, गुरं चरायला निघाली तेव्हा गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. ग्रंथालयातून त्याची चारही पुस्तकं काढली. खरजेचंसुद्धा.

मी एजेकडे गेले. "तुझ्यामुळे नाही झालं हे. त्याला न्यायचं आधीच ठरलं होतं. सादीरोव मत ऐकायला आलाच नव्हता. त्याला तुझी सही हवी होती."

"तू शिकलेली आहेस," ती म्हणाली. "तुला नाही कळणार. भर सभेत सुंदर म्हटलं मी त्याला."

आम्ही तिच्यासाठी गाडी यायची वाट पाहिली. आली नाही. गावाला सुटल्यासारखं झालं. एजे मात्र आणखी घाबरली. तिला न्यायला कुणी आलं नाही, म्हणजे तिच्या मते बोलणं नडलं नव्हतं, बाइकेला तिच्याच डोळ्यांची दृष्ट लागली होती.

परवा माझ्या बहिणीला मुलगी झाली. एजे पाळण्यासाठी नमदा घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आत ये ना," मी म्हटलं.

"नको."

तिने नमदा माझ्या हातात दिला आणि डोळ्यांवर तळवे दाबून धरले.

"श्वास घेतेय ना गं?" तिने विचारलं.