केसरीनाथांचे क्रियापद

टेमघरच्या केसरीनाथांनी इंग्रजी भाषेतून एकच क्रियापद उचलले आणि त्याच्या बळावर ते शेठ झाले. ते क्रियापद म्हणजे ‘मॅनेज करणे’. गोदामाला परवानगी नसली की ते म्हणत, “मी मॅनेज करतो.” त्याचा अर्थ, परवानगीची गरजच आता उरलेली नाही. शेजाऱ्याचा बांध हाताएवढा आत सरकला, तोही ‘मॅनेज’. बायको रूपा तापाने फणफणली असताना, “जरा मॅनेज कर की,” म्हणजे तापातच भाकऱ्या थाप. शब्द एकच, पण त्यांनी स्वतः केला की दुसऱ्याचे तोंड बंद होई आणि दुसऱ्याला करायला लावला की त्यांचे पोट भरे. या सोयीस्कर व्यवस्थेलाच ते व्यवहारज्ञान समजत.

यंदा मात्र वडिलांच्या भातजमिनीवर गोदाम उठवायचे होते आणि सातबाऱ्यावर थोरली बहीण धोंडूबाई हिचेही नाव होते. तिने हक्क सोडल्याची सही केल्याशिवाय गोदाम भाड्याने घेणारी कंपनी करार करणार नव्हती. केसरीनाथांना त्याची मुळीच काळजी वाटली नाही. बहिणीने भावाचे लुगडे घ्यावे आणि सही द्यावी, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. त्यात विचारण्यासारखे काय?

त्यांनी भारी नऊवारी घेतली, बहिणीला गाडीत घातले आणि गुडघेदुखीचे निमित्त सांगून अकलोलीच्या गरम कुंडांवर नेले. नवरा गेल्यावर सुकी मासळी विकून दोन मुली वाढवताना ते गुडघे झिजले होते. भावाची नजर त्यांच्याकडे प्रथमच वळली होती.

धोंडूबाई बराच वेळ गरम पाण्यात बसली. बाहेर आल्यावर तिने नवे लुगडे नेसले, पदर चाचपून पाहिला.

“ब्येस हाय रं, केसऱ्या. रंग तू निवडलास?”

“मीच, बाय.” लुगडे अंगावर चढलेले पाहून त्यांनी काम झाले असे धरले. “उद्या कचेरीत यायचं. एक सही. बाकी सगळं मी मॅनेज केलंय.”

“सही न्हाय देणार.”

“आगं, लुगडं नेसलीस की!”

“भावाचं हाय, म्हणून नेसले. न्हाय घेतलं तर तुलाच वाईट वाटंल.”

“लोक काय बोलतील, बाय? बहीण भावाच्या जमिनीवर बसली?”

“मासळीची पाटी घेऊन उन्हात बसले, तवा कोन बोलला? तू तर रोज गाडीतनं जायाचास, काच वर करून.”

केसरीनाथांनी तोंड उघडले. सवयीचा शब्द जिभेवर आला. पण कोणाला काय द्यावे म्हणजे ही बाई गप्प होईल, ते काही सुचेना. इतक्या वर्षांच्या व्यासंगाची पुंजी एवढीच निघाली.

धोंडूबाईने कुंडात भिजलेले आपले जुने लुगडे पिळले, त्याची घडी त्यांच्या हातात दिली आणि स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसली.

“चल. घरी नको, शेतावर घे. माजा वाटा कुठनं कुठवर, त्यो दाखव.”

ती जमीन केसरीनाथांनी कंपनीच्या साहेबांना, दलालांना, मोजणीदारांना कौतुकाने फिरून दाखवली होती. मालकिणीला दाखवण्याची पाळी आज प्रथमच आली. हातातल्या लुगड्याचे पाणी त्यांच्या पांढऱ्या बुटांवर ठिबकत होते. ते तसेच जाऊन गाडी चालवायला बसले.