नानांची हलकी सायकल

कोणावर लिहावं इतका मी मोठा नाही. आमच्या घरात मी कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि आजवर लिहिलं ते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये. त्यामुळे काही चुकलं, कमी-जास्त झालं, तर सांभाळून घ्या. पण या माणसाबद्दल कोणीतरी लिहायला हवं असं बरेच दिवस वाटत होतं, आणि दुसरं कोणी लिहील असं दिसेना.

सायकलींच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की नाना आधी वर बघायचेच नाहीत. हातातलं चाक फिरवत, आरे तपासत विचारायचे, "कितला लाम जाशी?"

किती लांब जाणार, या प्रश्नाने नवखा माणूस गोंधळायचा. तो विचारायला आलेला असायचा की ही सायकल किती गिअरची, ही कितीला, ही किती पळते. नाना म्हणायचे, "सायकल कितली लाम जाई ते सोड. तू कितला लाम जाशी ते सांग." उत्तर मिळाल्याशिवाय भिंतीवरची एकही सायकल खाली उतरायची नाही.

त्यांचं नाव मी सांगत नाही. जळगावात त्या रस्त्यावर सगळे त्यांना नानाच म्हणायचे. गाव शिंदखेड्याजवळचं. चाळीस वर्षं जळगावात काढूनही बोली जशीच्या तशी राहिली होती. आमच्याकडची बोली वेगळी, त्यामुळे माझे वडील आणि नाना एकमेकांशी बोलू लागले की दोघंही जरा मोठ्याने बोलत, जणू समोरच्याला कमी ऐकू येतं.

नानांचे वडील गावोगाव फिरून भांडी दुरुस्त करत. पातेल्याचा पोचा काढणं, बूड बसवणं, अशी कामं. नाना तेच शिकले आणि मग सायकलींकडे वळले. शहरातले डॉक्टर, इंजिनिअर हौसेने महागाच्या हलक्या सायकली घेतात, चार महिने चालवतात आणि मग त्या गॅलरीत धूळ खात पडतात. त्या सायकली नाना आणत, उघडून पूर्ण साफ करत आणि आमच्यासारख्यांना परवडतील अशा भावात विकत. सौदा करताना बोटाच्या पेराने नळी ठोकायचे आणि कान जवळ न्यायचे. लोखंडाची, ॲल्युमिनियमची, रंगाखाली भेग असलेली, असं त्यांना आवाजावरून कळे. मी कितीतरी वेळा ठोकून बघितलं. मला सगळ्या सारख्याच वाटल्या.

दुकानाच्या डाव्या भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. सायकल घ्यायची तर चपला काढून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांमध्ये एक जाड वही वर दाबून धरायची, आणि वहीची कड जिथे येईल तिथे नाना रेघ मारत. रेघेशेजारी नाव. फ्रेम किती मोठी लागेल ते या रेघेवर ठरे. काही नावांच्या पुढे डॉक्टर होतं, काहींच्या पुढे सर. शिकलेली माणसंही तिथे पायांत वही धरून मुकाट उभी राहत.

आता माझी गरज सांगतो. माझं गाव जळगावपासून एकवीस किलोमीटर. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला असे आणि गावातून पहिली एसटी जळगावला सव्वाआठला पोचे. नोव्हेंबरात सरांनी बोलावून सांगितलं, "तुझी हजेरी अशीच राहिली तर टर्म मिळणार नाही." होस्टेल मिळालं नव्हतं. गावातल्या एकाची जुनी काळी सायकल मागून आणली. तिच्यावर पोचायला पावणेदोन तास लागले आणि पोचल्यावर हातात टेस्ट ट्यूब धरवेना. मग कोणीतरी नानांचं दुकान सांगितलं.

वडील सोबत आले. ते केळीच्या बागेत कामाला जातात. मी सुट्टीत केळीचे ट्रक भरून काही पैसे ठेवले होते, तेवढ्यात बसेल ती घ्यायची असं ठरलं होतं.

"कितला लाम जाशी?"

"एकवीस जायचं, एकवीस यायचं. रोज," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी वर बघितलं.

भिंतीवर दोन सायकली त्या भावात बसणाऱ्या होत्या. दोन्ही ॲल्युमिनियमच्या, दोन्हींची हँडलं खाली वळलेली. वडिलांनी दोन्हीकडे बघितलं आणि मोठीवर हात ठेवला. आमच्या घरात शर्ट असो, चप्पल असो, सगळं वाढत्या अंगाचं घेतात. मी एकोणीस वर्षांचा होतो, तरी ती सवय गेली नव्हती.

"एकाच भावात मोठी भेटते तं लहान काबरं घ्यायची?" वडील म्हणाले. "याच्या मागे याचा भाऊ हाये. तो उंच होईन."

नाना म्हणाले, "भाऊ, याना पाय आते कितला वाढतीन?"

"सांगता येत नाही."

"बूट मोठा ऱ्हायना ते कापूस भरता येस. सायकलमा काय भरशात?"

वडील हसले, पण हात काढला नाही. मग नानांनी मला भिंतीशी उभं केलं, वही दिली आणि रेघ मारायला वाकले. पेन्सिल टेकली आणि तिथेच थांबली. रेघ तिथे आधीच होती. शेजारी नाव नव्हतं.

नानांनी पेन्सिल कानामागे खोचली. मग म्हणाले, "मोठीवर बसशी ते आठ दिनमा पाठ धरी. धाकली तुले लहान पडी." एवढं बोलून आत गेले आणि खुंटीवरची, पडद्यामागची तिसरी सायकल घेऊन आले. राखाडी रंगाची. नाव खरवडून काढलेलं. टायर बाकीच्यांपेक्षा जरा जाड घातलेले, आपल्याकडच्या रस्त्यांना चालतील असे. मी एका हाताने उचलली आणि दचकलो, कारण जोर जास्त लावला गेला होता आणि सायकल खांद्यापर्यंत वर आली.

"हाई लई जा," नाना म्हणाले. पैसे तेवढेच घेतले.

ती बिननावाची रेघ त्यांची स्वतःची होती आणि ती सायकल त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तुम्हाला आताच सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सतरा वर्षांचे असताना नाना आपल्या गावाहून जळगावला सायकलवर आले होते, कॅरिअरला हत्यारांची पेटी बांधून. त्यानंतर चाळीस वर्षं गावाला जाणं-येणं झालं ते रेल्वेने नाहीतर एसटीने. एकदा तरी पुन्हा सायकलने गावी जायचं त्यांच्या मनात होतं. शंभराच्या आतबाहेर किलोमीटर. पण वय साठीकडे झुकलेलं, उजवा गुडघा दुखरा, आणि त्यांच्याजवळ होती ती जुनी काळी जड सायकल. म्हणून कितीतरी महिने शोधून त्यांनी ती हलकी सायकल जमवली होती. शेजारच्या शिंपीकाकांनी मला हे सांगितलं. सांगताना ते मशीनवरून उठलेही नाहीत. म्हणाले, "आम्ही त्याला म्हणत होतो, नाना, निघा एकदाचे. तो म्हणे, थंडी पडू दे. थंडी पडली आणि तू आला."

गावात सायकलचं जे व्हायचं ते झालं. पारावर माणसं जमली.

"मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही. मग घेतलं काय?"

"एवढ्यात जुनी मोटारसायकल आली असती."

"हँडल पाह्य कसं, मेंढ्याच्या शिंगावानी."

 दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो आणि सातच्या आत कॉलेजच्या फाटकात होतो. लॅबचं कुलूपही अजून उघडलेलं नव्हतं. मार्चपर्यंत माझं एकही प्रॅक्टिकल बुडलं नाही. टर्म मिळाली.

मध्ये एक चूक झाली. ती माझी आहे.

अंगणात सायकल भिंतीला टेकवून ठेवावी लागे. एकदा म्हशीच्या धक्क्याने पडली, एकदा वाऱ्याने. वडील रोज म्हणत, "स्टँड बसवून घे, स्टँडशिवाय सायकल असते का?" मलाही पटलं. गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारं वर्कशॉप आहे. तिथे भारी डबल स्टँड आणला आणि मिस्त्रीने तो मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांवर पट्टी ठेवून बसवला. हलत होता म्हणून ट्रॉलीचा पाना लावून करकचून आवळला. सायकल ताठ उभी राहिली. वडिलांना बरं वाटलं.

त्याच आठवड्यात शिंपीकाकांनी मला ती गोष्ट सांगितली होती. मी ठरवलं की रविवारी सायकल नानांना द्यायची, म्हणायचं, दोन दिवस मी बसने येतो, तुम्ही गावाला जाऊन या. वाक्य पाठ केलं होतं. घाबरलो की मला बोलता येत नाही.

"नाना, तुम्ही ही घेऊन गावाला जा. परीक्षेला अजून वेळ आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शिंपीकाकांच्या दुकानाकडे बघितलं आणि मान डोलावली. सायकल हातात घेतली. स्टँड बघितला. खाली बसून त्याचे नट सोडवले. पट्टी निघाली तशी दोन्ही नळ्या तिथे चेपलेल्या दिसल्या, अंगठा बसेल एवढ्या. त्यांनी तिथे पेराने ठोकलं, कान नेला, परत ठोकलं.

"लोखंड ऱ्हातं ते काढी देतू," ते म्हणाले. "हाई ॲल्युमिनियम शे. सरळ कराले गया ते तुटी जाई."

"म्हणजे वाया गेली?"

"नही. तुले चाली. तू हलका शेस. फक्त रोज देखत जा, भेग पडनी का."

नाना अंगाने भारदस्त होते. त्यांना ती चालणार नव्हती, हे मला न सांगता कळलं. स्टँड त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला, आणि म्हणाले, "वडीलले काही बोलू नको."

मी त्या दिवशी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या दुकानावरून जाताना वेग वाढवत होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी पंक्चर काढायला जावंच लागलं. दुकानाबाहेर नेहमी उभी असणारी काळी सायकल दिसली नाही. शिंपीकाका म्हणाले, "विचार त्याला, कुठे ठेवून आला."

नाना ट्यूब पाण्यात बुडवत होते. "अमळनेरलोंग गऊ," ते म्हणाले.

मला आधी समजलं नाही. मग समजलं. पहाटे गावाला निघाले होते, त्याच काळ्या सायकलवर. धरणगावला चहा घेतला. अमळनेरला पोचेपर्यंत दुपार झाली आणि गुडघा वळेना. तिथे त्यांच्या भाच्याचं किराणा दुकान आहे, त्याच्याकडे सायकल ठेवली आणि परत रेल्वेने जळगावला आले.

"मग गावाला रेल्वेने गेले असते ना, पुढे," मी म्हणालो. "तिथून जवळच होतं."

"रेल्वेमा ते चाळीस वरीस गऊ. जसा ऊनू तसाच जासू, सायकलवर." ट्यूबमधून बुडबुडे आले. त्यांनी तिथे खूण केली. "निम्मं व्हयनं. निम्मं ऱ्हायनं शे."

शिंपीकाका मशीन थांबवून म्हणाले, "नाना, तो राहिलेला रस्ता काय पळून जातो का? पण गुडघा राहील का तोपर्यंत?"

"तू तुना काज कर," नाना म्हणाले. हे ते शिंपीकाकांना रोज म्हणत. काज म्हणजे शर्टाचे, बटणाचे.

तेव्हाही माझ्या तोंडून माफी निघाली नाही. हलकी सायकल असती तर त्याच दिवशी पोचले असते, हे मी मनात धरून घरी आलो.

उन्हाळ्यात परीक्षा झाली. जूनमध्ये गेलो तर दुकानाचं शटर खाली. शिंपीकाकांनी सांगितलं, नानांना त्यांचा मुलगा येऊन सुरतेला घेऊन गेला. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे. सामान विकलं, सायकली दुसऱ्याने नेल्या. शिंपीकाकांकडे असलेला नानांचा नंबर मी लावून बघितला. तो बंद होता. पुढे तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालं आणि भिंतीला पांढरा रंग दिला गेला.

दोन वर्षं गेली. सायकल अजून माझ्याकडे आहे. रोज निघायच्या आधी वाकून त्या दोन चेपलेल्या जागा बघतो. भेग नाही. तिच्यावर मी एकदा फैजपूरला आणि एकदा धुळ्यालाही जाऊन आलो. धुळ्याजवळ शिंदखेड्याकडचा फाटा आला. मी उतरलो, पाणी प्यालो, आणि वळलो नाही. तिथे जाऊन कोणाला काय विचारणार होतो?

तिसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला माझा जोडीदार शिंदखेड्याकडचा निघाला. त्याला मी नानांबद्दल सांगितलं, गाव सांगितलं. ते गाव त्याच्या मावशीचं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो मावशीकडे गेला. परत आला त्या दिवशी आमचं टायट्रेशन चालू होतं आणि ब्युरेटकडे बघत बघतच तो बोलला.

नाना आखाजीला गावी आले होते, सुरतेहून, मुलासोबत रेल्वेने. सुरतेहून येताना शिंदखेडा आधी लागतं आणि अमळनेर पुढे. गाडी शिंदखेड्याला थांबली, मुलाने पिशव्या उतरवल्या आणि म्हणाला, बाबा, आपलं स्टेशन आलं. नाना जागेवरून हलले नाहीत. "तू उतर, मी मांगेथून येस," म्हणाले. गाडी त्यांना घेऊन पुढे गेली. मुलाने भाच्याला फोन केला, तेव्हा भाचा म्हणाला, मामाने तर कालच सायकलीत हवा भरून ठेवायला सांगितलंय.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दुसऱ्या दिवशी अमळनेरहून लवकर निघाले. अकराच्या सुमाराला गावात पोचले, सायकल चालवत. मावशी म्हणे, घामाने भिजले होते, आणि आल्या आल्या विचारलं, आमरस ठेवला का संपवला."